'लव्हलेस', 'डूलिटल' आणि 'ओके कम्प्युटर' आवडतात, पण 'स्पायडरलँड' पचत नाही. पुढे काय ऐकू?

तुम्ही तीन आवडते अल्बम सांगितलेत, प्रत्येकामागे एकेक नवा मागितलात, स्लिंटचा 'स्पायडरलँड' दोनदा अर्ध्यावर सोडल्याचं लिहिलंत आणि बदल्यात द नॅशनलचा 'बॉक्सर' पुढे केलात. सौदा मान्य आहे. अडचण एवढीच, की नुसतं अल्बमचं नाव कळून पुढचा सुचवता येत नाही. त्यातलं नेमकं काय कानात राहिलं ते कळावं लागतं. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जिथे वाट फुटते तिथे दोन्ही वाटा सांगते.

पिक्सीजच्या 'डूलिटल'पासून (१९८९) सुरुवात करू, कारण स्लिंटचं कुलूपही तिथूनच उघडतं. त्या अल्बमवर निर्माता गिल नॉर्टनचा हात फिरलेला आहे, सगळं नीट घासूनपुसून ठेवलेलं. आदल्या वर्षीचा 'सर्फर रोझा' स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केला. तो काही माइक ड्रम्सपासून लांब ठेवायचा, त्यामुळे ठोक्याबरोबर खोलीही ऐकू येते. ड्रम्स आवडत असतील तर आधी तो घ्या. मात्र जुन्या सीडीवर आणि काही आवृत्त्यांमध्ये 'कम ऑन पिलग्रिम' या त्याआधीच्या रेकॉर्डची आठ गाणी मागे जोडलेली असतात. मूळ अल्बम १३ गाण्यांचा आहे. 'ब्रिक इज रेड' संपलं की थांबा, नाहीतर शेवट चुकीच्या जागी पडतो.

तुमच्यासाठी माझी निवड मात्र द ब्रीडर्सचा 'पॉड' (१९९०). पिक्सीजमध्ये बेस वाजवणाऱ्या किम डीलचा हा बँड, रेकॉर्डिंग पुन्हा अल्बिनीचं, १२ गाणी, जेमतेम अर्धा तास. यात ऐकायची असते ती मोकळी जागा: गिटार मधेच थांबते आणि नुसता स्नेअर ड्रम उरतो. 'पिक्सीजसारखं' काहीतरी मिळेल म्हणून लावला तर पहिल्या खेपेला रिकामा वाटेल. दुसऱ्या खेपेला फक्त ड्रम्सच्या मागे जा. ते वाजवणारा ब्रिट वॉलफर्ड हा स्लिंटचाच ड्रमर, अल्बमवर खोट्या नावाने आलेला. 'पॉड' अंगवळणी पडला की 'स्पायडरलँड'मधला ताल ओळखीचा वाटू लागतो.

आता 'स्पायडरलँड' (१९९१) का निसटतो ते. सहा गाणी, सुमारे ३९ मिनिटं, आणि बराच वेळ गायकाचा आवाज गाण्याऐवजी हळू बोलण्याचा. आपण सुरुवातीच्या शांत भागावर आवाज बेततो, मग गिटार फुटतात, दचकून आवाज कमी करतो आणि पुढचं बोलणं ऐकूच येत नाही. उलटं करा. दुसरं गाणं 'नॉस्फेराटू मॅन' लावून त्याच्या मोठ्या भागावर आवाज ठरवा, आणि मग शेवटपर्यंत बटणाला हात लावू नका. प्रवासात तर हा अल्बम नकोच. रस्त्याचा गोंगाट नेमका ते बोलणंच गिळतो. तिसऱ्या प्रयत्नात आधी फक्त 'वॉशर' ऐका, त्यात चाल आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सलग. शेवटच्या 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'मध्ये इतका वेळ दबलेला आवाज ओरडतो, आणि आधीची पस्तीस मिनिटं ऐकलेली असतील तरच ते अंगावर येतं.

'लव्हलेस'च्या (१९९१) बाबतीत दोन वाटा फुटतात. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या त्या हेलकावणाऱ्या गिटारचं श्रेय लोक गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांच्या ढिगाला देतात. खरी गंमत हातात आहे: त्यांचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स तारा छेडताना त्याच हाताने ट्रेमोलो आर्म, म्हणजे सूर वरखाली करणारी गिटारवरची दांडी, धरून ठेवतो, म्हणून प्रत्येक फटक्याला सूर थोडा खाली जाऊन परत येतो. तुम्हाला हा पोत आवडत असेल तर स्लोडाइव्हचा 'सूव्हलाकी' (१९९३) घ्या. तिथे सूर डळमळत नाही, प्रतिध्वनी लांबत जातो. फरक कळावा म्हणून एका बैठकीत दोन्हीकडचं एकेक गाणं पाठोपाठ ऐका. त्यानंतर लगेच त्यांच्याच 'पिग्मॅलियन'वर (१९९५) उडी मारू नका. तो सुंदर आहे, पण तिथे गाणी जवळपास विरघळलेली आहेत. आणि तुम्हाला आवाजाच्या भिंतीमागची चाल आवडत असेल तर ऑलवेजचा (Alvvays) 'ब्लू रेव्ह' (२०२२): चाळीस मिनिटांच्या आत १४ गाणी, गोंगाट भरपूर, तरी चाल कुठेही हरवत नाही.

एक सेटिंग आत्ताच तपासा. अ‍ॅपमधला क्रॉसफेड (एक गाणं संपण्याआधीच पुढचं सुरू करण्याची सोय) शून्यावर आणा आणि शफल बंद ठेवा. 'लव्हलेस'मध्ये गाण्यांच्या सांध्यात छोटे वाद्यतुकडे आहेत. क्रॉसफेड त्यांच्यावर पुढचं गाणं चढवतो. व्हॉल्यूम नॉर्मलायझेशनला ट्रॅक आणि अल्बम असे पर्याय असतील तर अल्बम निवडा. ट्रॅकवर ठेवलं तर प्रत्येक गाणं एकाच उंचीवर आणलं जातं, मग हळू गाणं फुगतं, जोरकस गाणं दबतं.

रेडिओहेडच्या 'ओके कम्प्युटर'नंतर (१९९७) त्यांच्यासारखे बँड शोधत बसणं मला पटत नाही. त्यांच्याकडे उंच, कातर आवाज सापडतो, गिटारमधली कल्पकता क्वचितच. त्यापेक्षा त्याच वर्षीचा बिल्ट टु स्पिलचा 'परफेक्ट फ्रॉम नाऊ ऑन' ऐका. आठ गाणी, सुमारे ५४ मिनिटं. गाणं दोनतीनदा वळण घेतं आणि सुरुवातीची चाल परत येईलच याची खात्री नसते. पहिल्याच गाण्यात अनंतकाळ म्हणजे किती, हे सांगितलंय: गुरू ग्रहाच्या दहापट मोठा धातूचा गोळा हजार वर्षांतून एकदा पृथ्वीजवळून जातो, तुम्ही छपरावर चढून त्याला पिसाचा एक फटका मारायचा, आणि तो झिजून मटाराएवढा होईपर्यंत हेच करत राहायचं. हे ज्या संथ गिटारवर येतं ती ऐकली की बाकीची ५० मिनिटं आपोआप ऐकली जातात. टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन' (१९८८) मुद्दाम मागे ठेवलाय. तो रात्री, शांततेत, वरचे सगळे झाल्यावर.

क्रम असा धरा: 'पॉड', 'सूव्हलाकी' किंवा 'ब्लू रेव्ह', मग बिल्ट टु स्पिल, मग 'स्पायडरलँड'. आठवड्याला एकच, तीनदा. दोन खेपांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या.

'बॉक्सर'बद्दल (२००७) म्हणाल तर निवड चोख आहे. 'फेक एम्पायर'च्या सुरुवातीचा पियानो ऐकताना एका हाताने चार आणि दुसऱ्याने तीन मोजून पाहा. दोन्ही मोजण्या एकाच वेळी चालू आहेत. बदल्यात मला याच जातीचा, २०१५ नंतरचा एक अल्बम हवा, ज्यात गाणं ड्रमर ओढून नेतो. एकच नाव द्या, आणि कोणत्या गाण्याच्या कितव्या मिनिटाला कान द्यायचा तेही लिहा.