वर्गाबाहेर उभं केलं की तो शांत का होतो?

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. वजाबाकीत हातचा आला तेव्हापासून गणिताच्या तासाला बाक वाजवतो, ओरडतो, पेन्सिल फेकतो. बाई त्याला वर्गाबाहेर उभं करतात. तिथे तो अगदी शहाण्यासारखा उभा असतो, म्हणून त्यांना वाटतं शिक्षा लागू पडतेय. पण पूर्वी आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं ते आता जवळजवळ रोजचं झालंय. घरी गृहपाठाला बसवलं की वही भिरकावतो. सासूबाई म्हणतात, "राहू दे गं, दमलंय पोर." मी कधी वही आवरून ठेवते, कधी धपाटा घालते. धपाट्याने तेवढ्यापुरता गप्प होतो. एरवी गुणी मुलगा आहे, तासन्‌तास चित्रं काढतो. आम्ही शिस्तीत कमी पडतोय का? आणि सासूबाईंना कसं समजावू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, बाहेर तो शहाण्यासारखा उभा असतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बाहेर हातच्याची वजाबाकी नाही, म्हणून तो शांत आहे. बाक वाजवला की गणित थांबतं, एवढं त्याला पक्कं कळलंय.

नकोशी गोष्ट आपल्या एखाद्या कृतीने थांबली किंवा टळली, की पुढच्या वेळी तीच कृती जास्त होते. वर्तनशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात, निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट हा शब्दही तुमच्या कानावर आला असेल. कानाशी डास भुणभुणला, पंखा वाढवला, भुणभुण थांबली. पुढच्या वेळी हात आपोआप रेग्युलेटरकडे जातो. शिक्षेने वागणं कमी व्हायला हवं, इथे ते रोजचं झालंय. म्हणजे बाईंच्या दृष्टीने जी शिक्षा आहे, ती मुलाच्या लेखी सुटका आहे.

आता थोडं अवघड सांगते, पण राग मानू नका. या गोष्टीत सुटका एकट्या मुलाची होत नाही. त्याला बाहेर काढलं की भरलेला वर्ग शांत होतो आणि बाईंना शिकवता येतं. "राहू दे" म्हटलं की आजीच्या डोळ्यांसमोरचं रडणं थांबतं. धपाटा घातला की घरातला आरडाओरडा थांबतो, म्हणून दुसऱ्या दिवशी हात लवकर उठतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ साली आपल्या पुस्तकात घराघरातला हाच फेरा मांडला होता : मूल ओरडून पालकांना माघार घ्यायला लावतं, पालक ओरडून मुलाला, आणि दोघांनाही क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. यात कोणीच वाईट नाही. म्हणून शिस्त वाढवा असं मी म्हणणार नाही. सुटका मिळण्याची वाट तेवढी बदला.

त्यासाठी आधी खात्री करून घ्या. वहीत तीन रकाने आखा : आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच पुढे काय झालं. आठवडाभर लिहा. "चिडला" असं मोघम नको. "उसने घ्यायचं तिसरं उदाहरण, वही फेकली, आजीने वही उचलून ठेवली" असं हवं. कारण तेच वागणं दुसऱ्या मुलात केवळ लक्ष वेधण्यासाठी असू शकतं, आणि मग उपायही वेगळा लागतो.

याचा एक सुंदर पुरावा आहे. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी विकासात्मक अडचणी असलेल्या चार मुलांबरोबर काम केलं. अवघड काम आलं की जी मुलं बिथरायची, त्यांना "मला कळत नाहीये" एवढं म्हणायला शिकवलं आणि तसं म्हटल्यावर लगेच मदत दिली. बिथरणं खूप कमी झालं. पण त्याच मुलांना "मी छान करतोय ना?" हे वाक्य शिकवलं तेव्हा ते कमी झालं नाही, कारण कौतुक ही त्यांची गरजच नव्हती. वाक्य गरजेला लागू पडायला हवं.

तुमच्या मुलाला दोन वाक्यं द्या : "मला जमत नाहीये" आणि "थोडं थांबू का?" शिकवताना तो शांत असेल तेव्हाच शिकवा, चिडल्यावर नव्हे. वर्गात बोलायला लाजत असेल तर बाकावर एक पिवळं कार्ड ठेवा, ते उलटं केलं की बाईंनी त्याच्याजवळ यायचं. सुरुवातीला प्रत्येक वेळी, ताबडतोब दोन-तीन मिनिटांची सुट्टी द्या. तो सवलतीचा गैरफायदा घेईल ही भीती सगळ्यांनाच वाटते. पण मागितली की सुटका मिळते हा विश्वास बसला की "अजून एक गणित, मग थांबू" असं म्हणत काम हळूहळू वाढवता येतं. गृहपाठ आधी निम्मा करा. दोन सोपी, मग एक हातच्याचं, आणि तेही दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सुटे करून दाखवत.

वही फेकली तर मात्र गणित रद्द करू नका. न रागावता, न समजावता वही परत ठेवा, मदत करून एवढं एकच उदाहरण पूर्ण करा आणि मग उठू द्या. पहिले काही दिवस आरडाओरडा वाढूही शकतो, तेव्हा डगमगू नका. काही जण मुलाला खुर्चीत दाबून ठेवून काम पूर्ण करून घेतात. त्याला माझा ठाम विरोध आहे. लहानपणी असं सोसलेल्या स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींनी मोठेपणी त्याबद्दल जे लिहिलंय, ते वाचवत नाही. सुटका हवीशी वाटणं हा मुलाचा गुन्हा नव्हे.

या सगळ्याबरोबर डोळे तपासून घ्या आणि फळ्यावरचं नीट दिसतं का ते पाहा. दोन महिन्यांनीही बेरीज-वजाबाकीत तितकाच अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटी) तपासणी करून घ्या.

सासूबाईंना "तुम्ही लाडावता" असं म्हणू नका. उलट सुट्टी द्यायचं काम त्यांच्याकडेच सोपवा. अट एवढीच, की नातवाने "आजी, थोडं थांबू का?" असं विचारलं की लगेच हो म्हणायचं आणि वही उडाली की गप्प बसायचं. बाईंना भेटायला जाल तेव्हा तीन रकान्यांची वही सोबत न्या.