म्यूट केला की मारिओ स्लो का वाटतो?

प्रश्न: सुट्टीत माळ्यावरचा जुना टीव्ही गेम काढला, मुलगा आता रोज मारिओ खेळतो. दुपारी सासूबाई झोपतात म्हणून आवाज बंद ठेवतो, तर मला गेम एकदम स्लो नि फिका वाटतो, टाइम संपत आला की जी धडधड व्हायची ती होतच नाही. हा माझा भास आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: भास नाहीये ताई, बरोबर पकडलंत. मारिओत (१९८५) टाइम १०० च्या खाली गेला की आधी एक छोटी धोक्याची धून वाजते नि मग तेच गाणं फास्ट सुरू होतं, पण स्क्रीनवर बघा, मारिओ तेवढ्याच वेगाने पळतो, कासवंही तशीच चालतात, चित्रात काही म्हणजे काही बदलत नाही. घाई सगळी कानातून येते. आवाज बंद केला की घाईही बंद.

१९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्स या एलियन मारायच्या गेममध्ये मात्र दोन्ही सोबत पळतात. ५५ एलियन आणि खाली फक्त चार सुरांचा ठेका, मशीन एका वेळी एकच एलियन सरकवायचं, त्यामुळे जितके मारले तितके उरलेले भराभर हलायला लागले, गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं आणि ठेकाही चढत गेला. आपला नाशिक ढोल चढतो तेव्हा बघणाऱ्याचे पाय आपोआप उचलतात ना, अगदी तसंच.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. मारिओच्या त्या डब्यात सूर वाजवायला चॅनल (एका वेळी एकच आवाज काढणारी वाट) तीनच, वर खरखरीसाठी एक आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजाला एक. मारिओने उडी मारली की उडीचा आवाज गाण्याच्याच एका चॅनलवर वाजतो, तेवढा वेळ गाण्यातला तो सूर गायब! नीट कान देऊन ऐकलं तर कळतं, खेळताना कळत नाही कारण डोळे उडीवर असतात. आणि जमिनीखालच्या लेव्हलला विटा त्याच, नुसता रंग निळा, मागे काळं, पण मारिओचे संगीतकार कोजी कोंदो यांची ती थांबत थांबत येणारी धून लागली की जागाच बदलली असं वाटतं. पाण्यात तर तीनचा ठेका, वॉल्ट्झ, म्हणून ते पोहणं असं झुलत झुलत होतं.

टीव्हीला हेडफोन लागत असेल तर दुपारचा प्रश्न मिटला. पण आधी मुलाला एकच लेव्हल एकदा म्यूटवर नि एकदा आवाजात खेळायला द्या, आणि शेवटच्या १०० ला स्क्रीन सोडून त्याचे अंगठे बघा.