आययूएल राहू द्या, आधी तळ्याच्या बांधाचं बघा

कमिंग, जॉर्जियाहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 46, हातात दीड लाख डॉलर. ओळखीच्या एजंटने आययूएल (इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) पॉलिसी सुचवलीय, वर्षाला 25 हजार, सात वर्षं, मग 'टॅक्स फ्री पेन्शन', तर घ्यावी का? आणि जाता जाता लिहितात, "दोन वर्षांपूर्वी 12 एकर आणि तळं असलेलं घर घेतलं, 7.2 लाखाला, लोन 5.1. मातीचा बांध 28 फुटी आहे पण सरकारी यादीत कॅटेगरी 2, त्यामुळे टेन्शन नाही. शिवाय खाली नवीन कॉलनी होतेय, म्हणजे आपला भाव वाढणारच."

पॉलिसी नका घेऊ. 25 गुणिले 7 म्हणजे पावणेदोन लाख, तुमच्याकडे आहेत दीड. एजंटच्या रंगीत कागदावरचे 7 टक्के हे नुसतं चित्र असतं, वर कॅप (परताव्याला कमाल मर्यादा), आत खर्च, आणि मधेच सोडलीत तर सरेंडर चार्ज म्हणजे दंड. पुढे.

आता तुम्ही न विचारलेलं. कॅटेगरी 2 म्हणजे बांध धडधाकट आहे असं कोणी म्हटलेलंच नाही हो. ती वर्गवारी बांधाची तब्येत सांगत नाही, फुटला तर खाली माणसं मरतील का एवढंच सांगते. मरण्याची शक्यता असली की कॅटेगरी 1, नसली की 2. बांध तोच, माती तीच, पण खाली घरं उभी राहिली की तुम्ही काहीही न करता 1 मध्ये जाऊ शकता. म्हणजे ज्या कॉलनीवर तुम्ही खूश आहात तीच तुम्हाला बिल पाठवणार!

आणि हा नियम उगाच नाही आलेला. 6 नोव्हेंबर 1977 ला मध्यरात्रीनंतर तुमच्याच राज्यात टोकोआजवळचा केली बार्न्स हा खाजगी मातीचा बांध फुटला, खालच्या बायबल कॉलेजच्या वसाहतीत 39 माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी सेफ डॅम्स कायदा झाला.

कॅटेगरी 1 झालात की परमिट लागतं, मोठ्या पावसाचं पाणी सुखरूप जाईल असा स्पिलवे (जादा पाण्याची वाट) लागतो, आणि पैसे बिल्डर देत नाही, बांधाचा मालक देतो. बांधाखालून जाणारा जुना लोखंडी पाइप बदलणं आणि स्पिलवे मिळून मी अंदाजाने दोन-तीन लाख धरतो. तुमची घरातली इक्विटी, म्हणजे किंमत वजा लोन, किती? 2.1 लाख. झालं, घर फुकट गेलं.

पत्रात पुढे बांधावरचे 'सुंदर मोठे पाइन' म्हणता ना, ते दुखणं आहे. मुळं कुजली की पाण्याला आतून वाट मिळते. पण उद्याच करवत घेऊन जाऊ नका, मोठं झाड नुसतं कापून मुळं आत ठेवली तरी तोच प्रकार, त्यामुळे इंजिनिअरला विचारूनच. आणि बांधाच्या पायथ्याशी ओल आहे का ते या शनिवारी स्वतः चालून बघा, गढूळ पाणी झिरपत असेल तर शनिवारचीही वाट बघू नका, इंजिनिअरला आणि राज्याच्या सेफ डॅम्स ऑफिसला लगेच फोन.

तर दीड लाखाचं असं: पाचेक हजार डॉलर धरणांचं काम करणाऱ्या इंजिनिअरला (घर घेताना जो होम इन्स्पेक्टर आला होता त्याला नाही), 40 हजार सहा महिन्यांचा घरखर्च, उरलेला लाखभर ट्रेझरी बिलात (सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यात), रिपोर्ट येईपर्यंत हात लावायचा नाही. आकडा फारच मोठा आला तर परवानगी काढून बांध फोडून तळं रिकामं करणं हाही पर्याय आहे, बायको चिडेल, पण तोही खर्च विचारून ठेवा. होमओनर्स (घराचा विमा) आणि अम्ब्रेला (दुसऱ्यांच्या नुकसानभरपाईचा जादा विमा) पॉलिसीवाल्यांना ईमेल करा की बांध फुटून दुसऱ्यांचं नुकसान झालं तर तुम्ही देणार का, आणि उत्तर लेखीच मागा, फोनवरचं "येस सर" चालणार नाही.