हायकू इंग्रजीत नेताना

प्रिय मित्रा,

इंग्रजी वाचकांसाठी जपानी हायकूंची छोटी पुस्तिका करायची तुझी कल्पना आवडली. प्रस्तावना मात्र बदलावी लागेल. ती हायकूच्या ‘पाच-सात-पाच’ या उच्चारमोजणीपाशी सुरू होते आणि तिथेच अडकते. इंग्रजी वाचकाला शाळेपासून नेमकं तेवढंच माहीत असतं, तेही अर्धवट.

जपानीत मोजतात ते ‘ओन’, म्हणजे उच्चाराचे छोटे ठोके. ‘निप्पोन’मध्ये चार ओन आहेत: नि, प्पमधला थांबा, पो आणि शेवटचा न. तोक्योतही चारच, कारण दोन्ही ओ दीर्घ. इंग्रजी सिलॅबलमध्ये, म्हणजे उच्चारखंडात, याहून जास्त ऐवज मावतो, म्हणून १७ सिलॅबल भरायला गेलास की मुळात नसलेली विशेषणं घुसतात. बाशो या कवीच्या बेडकाच्या प्रसिद्ध हायकूतलं तळं नुसतं जुनं आहे. भरतीसाठी ते ‘निवांत’ आणि ‘शेवाळलेलं’ होतं. ११ ते १३ सिलॅबलपाशी थांब. तीन ओळी हीसुद्धा इंग्रजीची सोय आहे. जपानीत हायकू बहुधा एका उभ्या ओळीत छापतात.

प्रस्तावनेतली जागा ऋतूला दे. किगो, म्हणजे ऋतुसूचक शब्द, कवितेचा काळ ठरवतो. नुसतं ‘त्सुकी’ म्हटलं की शरदाचा चंद्र, नुसतं ‘हाना’ म्हटलं की चेरीचा बहर. बेडूक वसंतातला. (आपल्याला बेडूक म्हटलं की पाऊस आठवतो, तेव्हा इंग्रजी वाचकाला हसू नकोस.) तानाबाताचा सण आज ७ जुलैला होत असला तरी ऋतुकोशात, म्हणजे किगोंच्या कोशात, तो शरदात मोडतो, कारण कोशाची घडण जुन्या पंचांगावर आहे. नववर्ष हा तिथे पाचवा, स्वतंत्र विभाग. हे सगळं कवितेत कोंबू नकोस, मांडणीतून सांग. हायकूंचे इंग्रजी अनुवादक ब्लाइद यांनी १९४९ ते १९५२ मध्ये काढलेल्या चार खंडांतले शेवटचे तीन ऋतुक्रमानेच लावले. तो क्रम घे, पण प्रत्येक हायकूत झेन शोधायची त्यांची सवय घेऊ नकोस. इस्सा या कवीच्या हायकूंतल्या पिसवा-माश्यांना त्याची गरज नाही.

किरेजी म्हणजे कवितेत छेद पाडणारा शब्द. कवितेच्या मध्ये ‘या’ हा किरेजी आला तर इंग्रजीत डॅश चालतो. शेवटच्या ‘काना’ किंवा ‘केरी’साठी मात्र ‘अहाहा’ आणि उद्गारचिन्ह नको. तिथे ओळ नुसती संपू दे. यमकही टाळ. हेंडरसन या अनुवादकाच्या १९५८च्या भाषांतरांत पहिली आणि तिसरी ओळ यमकाने बांधलेली आहे. कविता त्याने गोड होते, आणि छेदानंतर जी मोकळी जागा उरायला हवी ती बुजते.

भाषांतराआधी प्रत्येक कवितेचा तक्ता कर: मूळ लिपी, उच्चार, शब्दशः अर्थ, किगो आणि त्याचा ऋतू, छेद कुठे, आणि काय अनिश्चित आहे. शेवटचा रकाना सर्वांत कामाचा. ‘फुरुइके या / कावाझु तोबिकोमु / मिझु नो ओतो’ (जुनं तळं, बेडूक-उडी, पाण्याचा आवाज) या बाशोच्या १६८६च्या कवितेत बेडूक एक की अनेक, हे जपानी सांगत नाही. हर्न या अनुवादकाने अनेक केले. बहुतेकांनी एकच ठेवला. इंग्रजीत निवड करावीच लागते, तेव्हा ती जाणीवपूर्वक कर. बाशोच्याच वाळक्या फांदीवरच्या कावळ्याच्या कवितेत ‘आकी नो कुरे’ म्हणजे शरदातली संध्याकाळ की सरता शरद, हाही असाच पेच. प्रतिमांचा क्रम शक्यतो मोडू नकोस: तळं, उडी, आवाज. इंग्रजी व्याकरण क्रियापद आणि कर्ता पुढे ओढेल. तिथे वाक्य पूर्ण न करता तुकडे ठेवलेस तर क्रम वाचतो.

टीप कधी द्यायची? इस्साच्या ‘दवाचं जग’ या कवितेमागे १८१९ साली गेलेली त्याची लहान मुलगी आहे. ते एका वाक्यात सांगावं लागेल. बाशोच्या तळ्याला टीप नको. टीप पानाच्या तळाशी, फार तर दोन ओळींची. आणि बाशोने ‘हायकू’ हा शब्द वापरला असं लिहू नकोस: तो होक्कू लिहीत होता, म्हणजे साखळीकाव्याची सुरुवातीची कडी. तिला स्वतंत्र कविता म्हणून ‘हायकू’ हे नाव रुजवलं ते शिकी या कवीने, १९व्या शतकाच्या अखेरीस.

वीस-पंचवीस कविता पुरेत. दुसऱ्याचं भाषांतर परवानगीशिवाय छापू नकोस. मूळ बाशो मोकळा आहे, त्याचे अलीकडचे अनुवाद नाहीत. मसुदा जपानी न येणाऱ्या दोघांना दे आणि दोनच गोष्टी विचार: ऋतू कोणता वाटला, आणि कुठे थांबलात? ‘अर्थ काय’ असं विचारू नकोस, नाहीतर ते परीक्षेसारखी उत्तरं देतील.

आधी पाच कवितांचे तक्ते पाठव. भाषांतर त्यानंतर बघू.

तुझा स्नेही