वाचकांचे प्रश्न: कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी कसा जुळवायचा

यावेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ. सारखेच असलेले प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मी बारावीत आहे, बजेट खूप टाइट आहे. मित्र म्हणतो आत्ता आय-७ घेऊन टाक, ग्राफिक्स कार्ड नंतर पैसे जमले की टाक. व्हॅलोरंट खेळतो, सायबरपंक पण खेळायचाय. काय करू?

मित्राने काळजीपोटी सांगितलं असेल पण सल्ला उलटा आहे. गेम चालू असताना प्रोसेसर काय करतो तर कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, पुढच्या फ्रेममध्ये काय काय दाखवायचं हे ठरवतो आणि कार्डाला सांगतो की आता हे काढ. प्रत्यक्ष चित्र कार्ड काढतं. दोघांपैकी जो हळू असेल तोच तुझा एफपीएस (सेकंदाला किती चित्रं म्हणजे फ्रेम दिसतात ते) ठरवतो, दुसरा कितीही दणकट असला तरी तो नुसता वाट बघत बसतो. ६० एफपीएस पाहिजे असतील तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदात तयार व्हायला लागते, १४४ पाहिजे तर जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात दोघांचंही काम उरकलं पाहिजे.

म्हणून पहिला प्रश्न प्रोसेसरचा नाहीच, तुझा मॉनिटर कुठला आहे आणि गेम कुठले हा आहे. व्हॅलोरंटमध्ये ग्राफिक्स हलकं असतं, तिथे प्रोसेसरचा वेग दिसतो. सायबरपंकसारखा गेम कार्डाचा घाम काढतो, तिथे आय-७ असून कार्ड नसेल तर सेटिंग कितीही खाली आण, खेळण्यात मजा येणार नाही. आणि रिझोल्युशन वाढवलं की ओझं जवळजवळ सगळं कार्डावर जातं, कारण १०८० पी मध्ये एका फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि १४४० पी मध्ये ३६.९ लाख. प्रोसेसरला त्याचं फारसं काही वाटत नाही.

तुझ्यासाठी १०८० पी मॉनिटर धरून चालतो. प्रोसेसर रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय-३ १२१००एफ. पहिल्यात ६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), दुसऱ्यात ४ कोअर ८ थ्रेड. दोन्ही २०२२ चे आहेत, जुने म्हणून नाक मुरडू नकोस, कमी बजेटमध्ये अजून छान चालतात. बॉक्स पॅकमध्ये कूलर सोबत येतो, वेगळा घ्यायची गरज नाही. जमलं तर ६ कोअरवालाच घे, नवीन गेममध्ये ४ कोअरवर सरासरी एफपीएस बरा दिसतो पण मधेच झटके बसतात आणि ते झटके फार डोक्यात जातात.

नाव नीट वाच मात्र. रायझन ५ ५५०० हा ५६०० चा धाकटा भाऊ वाटतो पण त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ एमबीच्या जागी १६ एमबी आहे आणि पीसीआयई (कार्ड बोर्डाला जोडणारा रस्ता) पण जुनं ३.० च. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड नंतर टाकू असा विचार असेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

बजेट वाटताना मी एकच बघतो, नंतर सहज बदलता किंवा वाढवता येईल तिथे आत्ता हात आखडता घ्यायचा. कॅबिनेट साधा चालेल फक्त पुढून जाळी असू दे, आरजीबी लाइट नकोत, एसएसडी आत्ता ५०० जीबी घे आणि पुढे दुसरी लाव. जी वस्तू बिघडली तर दुसऱ्यांना घेऊन जाईल किंवा जी बदलायला अख्खा पीसी सोडवावा लागेल तिथे कंजूषी नको, म्हणजे एसएमपीएस (सगळ्यांना वीज देणारा डबा) आणि मदरबोर्ड (ज्यावर सगळे भाग बसतात तो). आणि मॉनिटर सोडून जे पैसे आहेत त्यातले ४० टक्क्यांच्या आसपास कार्डाला जाऊ देत.

मदरबोर्ड ५६०० साठी बी५५० मिळाला तर उत्तम. ए५२० वर पण गेम तसाच चालतो पण तिथे पीसीआयई ३.० मिळतं. जुना बी४५० कोणी देत असेल तर बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलाय का ते आधी विचार, नाहीतर ५६०० लावल्यावर पीसी चालूच होणार नाही आणि तुला वाटेल प्रोसेसर खराब आला.

प्रश्न: जीटी ७३० ४ जीबी स्वस्तात मिळतंय, ४ जीबी म्हणजे गेमिंगला पुरेल ना? आणि क्रिप्टो मायनिंगमध्ये वापरलेलं जुनं कार्ड घ्यावं का?

जीटी ७३० अजिबात घेऊ नका. हे कार्ड २०१४ चं आहे आणि तेव्हाही ते गेमसाठी नव्हतंच. डब्यावर ४ जीबी मोठ्या अक्षरात छापतात कारण तेवढंच छापण्यासारखं असतं. मेमरी किती हा आकडा कार्ड किती जोरात काम करतं हे सांगतच नाही. जीटी १०३० चं उदाहरण बघा, एकाच नावाखाली दोन कार्डं विकली गेली, जीडीडीआर५ वाल्याची मेमरी बँडविड्थ (डेटा ये-जा करण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी आणि डीडीआर४ वाल्याची १७ जीबीपेक्षाही कमी, डब्यावर नाव तेच आणि गेममध्ये जमीन अस्मानाचा फरक. हे असं करणं ग्राहकाच्या दृष्टीने मला अत्यंत चुकीचं वाटतं पण होतं खरं. आरटीएक्स ३०५० पण तसंच, ८ जीबी वेगळं आणि ६ जीबी वेगळं, ६ जीबीमध्ये नुसती मेमरी कमी नाही तर कुडा कोअर (कार्डातले हिशोब करणारे भाग) पण २५६० वरून २३०४ वर आलेत.

१०८० पी साठी माझी पसंती अजूनही आरएक्स ६६००, ८ जीबी, १३२ वॅट, एक ८ पिन केबल पुरते. त्याच्या खालचं आरएक्स ६५०० एक्सटी मात्र टाळा. ४ जीबी मेमरी, व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी हार्डवेअर एन्कोडर नाही, आणि पीसीआयईच्या फक्त ४ लेन. ४ जीबी भरली की गेमचं टेक्स्चर सिस्टिमच्या रॅममधून त्या ४ लेनमधून ये-जा करतं, आणि तुमचा बोर्ड पीसीआयई ३.० चा असेल तर तो रस्ता अजून निम्मा होतो. म्हणजे ज्यांचा पीसी जुना त्यांनाच जास्त त्रास, आणि स्वस्त कार्ड घेणारे बहुतेक तेच असतात.

थोडं जास्त बजेट असेल तर इंटेल आर्क बी५८० बघा, १२ जीबी आहे. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं बायोसमधलं सेटिंग) चालू असणं जवळजवळ सक्तीचं आहे आणि हळू प्रोसेसरबरोबर ते आपला पूर्ण जोर दाखवत नाही, त्यामुळे ५-६ वर्षांपूर्वीच्या पीसीत नवीन कार्ड म्हणून हे टाकू नका.

मायनिंगवाल्या कार्डाची लोकांना भीती वाटते तेवढी मला वाटत नाही. चिपपेक्षा पंखे, थर्मल पेस्ट आणि मेमरीवरचे थर्मल पॅड आधी जातात. समोर चालवून घ्या हीच अट ठेवा. फरमार्क किंवा हेवन (कार्डावर पूर्ण ताण देणारे प्रोग्राम) १५-२० मिनिटं चालू ठेवा, तापमान एका जागी थांबतंय का, पंखा खरखरतोय का, स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात का बघा. आणि जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडून नाव खरंच जुळतंय का बघा, कारण जुन्या कार्डाचा बायोस बदलून नवीन नावाने विकणारे आहेत, जीपीयू-झेड अशा कार्डाला बऱ्याचदा फेक असं स्पष्ट दाखवतं. विकणारा चालवून दाखवायला तयार नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

प्रश्न: कॅबिनेटबरोबर ५०० वॅटचा एसएमपीएस फुकट येतोय, मग वेगळा कशाला?

त्याच्या बाजूचं लेबल वाचा म्हणजे कळेल. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १५ अँपिअर असेल तर झाले १८० वॅट, मग वर ५०० लिहिलेलं असू दे नाहीतर ६००. आता आपली गरज मोजा, आरएक्स ६६०० चे १३२, रायझन ५ ५६०० पूर्ण लोडवर साधारण ७६, बाकी बोर्ड रॅम पंखे एसएसडी मिळून ५० धरा, म्हणजे २६० च्या आसपास, शिवाय कार्ड क्षणभर त्याहून जास्त पण ओढतं. म्हणजे तो फुकटचा ५०० वॅटवाला कमी पडतो आणि चांगल्या कंपनीचा ४५० वॅट आरामात पुरतो. पुढे मोठं कार्ड घ्यायचं डोक्यात असेल तर ५५० घ्या.

८० प्लस ब्रॉन्झ वगैरे शिक्क्याबद्दल पण बऱ्याच जणांनी विचारलंय. तो शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, ब्रॉन्झ म्हणजे अर्ध्या लोडला साधारण ८५ टक्के वीज कामाला लागते. आतले कॅपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर वेळेत बंद होतो का, हे त्यातून कळत नाही. ते रिव्ह्यूमधून कळतं आणि थोडाफार अंदाज वॉरंटीवरून येतो, ५ वर्षं वॉरंटी देणारा एसएमपीएस मी एका वर्षवाल्यापेक्षा केव्हाही आधी घेईन.

अजून एक, हे खरंच लक्षात ठेवा. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला सारख्या पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट्या असतात. घुसत नसेल तर जोर लावू नका. आणि मॉड्युलर (केबल काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका, आकार बसतो पण पिनची मांडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी, बोर्ड जळून जातात.

प्रश्न: १६ जीबीची एक रॅम घेऊ की ८ च्या दोन?

८ च्या दोन. दोन लावल्या की ड्युअल चॅनेल चालतं, डीडीआर४ ३२०० ला सेकंदाला २५.६ जीबीची बँडविड्थ ५१.२ होते. ४ स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० चे पैसे देऊन रॅम २४०० नाहीतर २६६६ वरच पडून राहते. २०२५ च्या शेवटापासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम सगळीकडेच भयंकर महागलीय, त्यामुळे सध्या डीडीआर५ चा हट्ट धरू नका, वापरलेली डीडीआर४ घ्यायला पण हरकत नाही, रॅम सहसा लवकर खराब होत नाही आणि मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवला की खात्री होते.

प्रश्न: ऑफिसातून काढलेला जुना आय-५ पीसी घेऊन त्यात कार्ड टाकलं तर?

जमू शकतं, पण कुठला आय-५ यावर सगळं आहे. दुसऱ्या तिसऱ्या जनरेशनचा असेल तर नको, त्यात एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या सूचनांचा एक नवा संच) नाही आणि काही नवीन गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर अधिकृतपणे चालतो, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पण लागतं, व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद असेल तर चालूच होत नाही. म्हणून आय-५ ८५०० किंवा पुढचा बघा, त्यात ६ कोअर आहेत.

दुसरी अडचण बॉक्सची. या पीसींचा एसएमपीएस छोटा असतो, त्याला कार्डाची केबल नसते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये बोर्डाचा कनेक्टर पण कंपनीचा स्वतःचा असतो त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. अशा वेळी स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड लागतं, स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो. वर ज्याला मी कमी म्हटलं ते आरटीएक्स ३०५० ६ जीबी इथे मात्र कामाचं, ७० वॅटमध्ये भागतं. कॅबिनेट बारीक असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) मॉडेल शोधा, घेण्याआधी पट्टीने मोजा.

प्रश्न: कार्ड न घेता रायझन ५ ५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला) वर वर्षभर काढता येईल का?

ईस्पोर्ट्सचे (व्हॅलोरंटसारखे स्पर्धेचे हलके) गेम असतील तर हो. रॅम दोन पाहिजेतच, आतलं ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतं. पण वर्षभरात कार्ड नक्की घेणार असाल तर थोडं थांबून साधा ५६०० आणि कार्ड एकदमच घेतलेलं बरं, ५६००जी मध्ये कॅश निम्मी आहे.

प्रश्न: सगळं नवीन घेतलं तरी गेम अडखळतोय आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० च दाखवतोय, कार्ड खराब आलं असेल का?

परत द्यायच्या आधी पीसीच्या मागे जाऊन बघा, मॉनिटरची केबल मदरबोर्डला लागलीय की कार्डाला. खाली आडव्या लागलेल्या पोर्टमध्ये लावायची, वरच्या उभ्या रांगेत नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते) स्वतः १४४ निवडा, तो बऱ्याचदा आपोआप होत नाही. तिथे १४४ चा पर्यायच दिसत नसेल तर जुनी एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्ट केबल लावून बघा. इतकं करूनही अडखळत असेल तर गेम चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के दिसतोय आणि तापमान किती ते लिहून पाठवा, सोबत कुठला गेम आणि कुठलं सेटिंग ते पण.