घरात शिरलेल्या चोराला ठार मारल्यास खुनाचा गुन्हा होतो का?

आपण विचारले आहे की, नेरुळमधील आपल्या तळमजल्यावरील घरात रात्री चोर शिरला आणि उशाशी ठेवलेल्या कोयत्याच्या वाराने तो मेला, तर आपल्यावर खुनाचा खटला चालेल का. मी ठाण्याच्या न्यायालयात फौजदारी वकिली करतो. तेथे अशा प्रकरणात दोन गोष्टी तपासल्या जातात : वार झाला त्या क्षणी धोका चालू होता का, आणि कमी इजा करून तो टळला असता का.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ नुसार मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्याची मुभा चारच प्रसंगी आहे : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवण्याच्या जागेला आग लावणे अथवा ती स्फोटकाने उडवणे, आणि जिचा प्रतिकार न केल्यास मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी, अशी चोरी, नासधूस किंवा घरातील घुसखोरी. म्हणजे डिसेंबरात संध्याकाळी साडेसहाला ग्रिल कापून आत येणारा दुसऱ्या प्रसंगात बसतो, मे महिन्यात त्याच वेळी येणारा बसत नाही, कारण तेव्हा आपल्याकडे सूर्य मावळलेला नसतो. मला हा भेद काहीसा कृत्रिम वाटतो, पण कायदा तसा आहे.

मात्र रात्रीची घरफोडी म्हणजे मारण्याचा परवाना नव्हे, कारण कलम ३७ प्रमाणे बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. समजा, ग्रिलचे गज वाकवून चोर आत आला आहे, त्याच्या हातात कटावणी आहे, पलीकडच्या खोलीत मुले झोपली आहेत आणि तो आपल्या दिशेने येतो आहे. अशा वेळी झोपेतून दचकून उठलेल्या माणसाने आपला वार सोनाराच्या काट्यावर तोलावा अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. पंजाबमधील एका खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क वाजवी भीती निर्माण होताच सुरू होतो असे स्पष्ट केले आहे. पण दिवा लागताच त्याच चोराने कटावणी टाकली, तो खिडकीतून बाहेर पडून रस्त्याने पळत सुटला आणि आपण मागे धावून त्याच्या पाठीत कोयता घातला, तर घरातील घुसखोरी तेथे संपलेली असते. त्याच्या खिशात आपला मोबाइल असेल तर पाठलाग करून तो हिसकावून घेता येईल, मोबाइलपायी जीव घेता येणार नाही.

मला खरी काळजी वाटते ती सोसायटीच्या आवारात पकडलेल्या चोराची. वॉचमनने त्याला खांबाला बांधले की बचावाचा विषयच उरत नाही, आणि त्यानंतर रहिवाशांनी केलेली मारहाण हा सरळ गुन्हा असतो. नागरिकाने पकडलेल्या आरोपीला विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त ६ तासांत, पोलिसांच्या हवाली करावे असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याचे, कलम ४० सांगते. तसेच ग्रिलमध्ये वीज सोडण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला तर ऐकू नये : बिहारमधील एका घरमालकाने शौचालयाच्या वाटेवर लावलेल्या उघड्या तारेने एक स्त्री मेली, तेव्हा ती परवानगीविना आली होती हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला होता.

सद्भावनेने बचाव करताना मर्यादा ओलांडली गेली, तर न्याय संहितेच्या कलम १०१ च्या अपवादामुळे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, ठरू शकतो. त्यालाही मोठी शिक्षा आहे. बचावाचा हक्क होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते, परंतु ते निःसंशय सिद्ध करावे लागत नाही, संभाव्य वाटेल इतपत दाखवले तरी पुरते. म्हणून प्रसंग घडलाच तर लगेच ११२ वर फोन करावा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागवावी, आणि वाकलेले गज, कटावणी, रक्त यांपैकी कशालाही पंचनामा होईपर्यंत हात लावू नये.