कौलारू छपरं आणि गच्च्या धुण्याच्या व्यवसायासाठी कोणतं केमिकल, किती पाण्यात?

तुम्ही विचारलंय की कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात छपरं आणि गच्च्या धुवायचं काम सुरू करताय, तर ॲसिड घ्यावं की ब्लीच, आणि यूट्यूबवर अमेरिकेतले लोक दाखवतात तसं अर्धं ब्लीच-अर्धं पाणी इथं चालेल का. मी याच भागात हेच काम करतो. थोडक्यात सांगायचं तर ॲसिड गाडीत घेऊच नका. ब्लीच घ्या, पण पातळ करून. आणि मिश्रण ठरवताना छपरावर काळं किती साचलंय ते सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा छप्पर कशाचं आहे, आणि त्यावरून ओघळलेलं पाणी कुठं जातं.

अमेरिकेचं आधी निकालात काढतो. तिथली बहुतेक घरं डांबरी शिंगल्सची, म्हणजे छपरावर एकावर एक ठोकलेल्या डांबरी पट्ट्यांची. त्यावर जे काळे ओघळ दिसतात ते ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाच्या निळ्या-हिरव्या शैवालाचे. तिथल्या शिंगल उत्पादकांची संघटनाच सांगते की कपड्याचं ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं करून मारा, १५-२० मिनिटं ठेवा आणि कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. पण कपड्याचं ब्लीच मुळातच पातळ असतं. आपण केमिकलच्या दुकानातून जे कॅन उचलतो ते १० ते १२ टक्क्यांचं असतं. त्याचं निम्मं-निम्मं केलंत तर दुप्पट कडक माल होतो. तिथले धंदेवाईक लोक तेवढा कडक वापरतातही, पण त्यांच्या शिंगलखाली प्लायवूड आणि कागद असतो. आपल्या कौलाखाली रिपा, वासे आणि त्याच्याही खाली चुलीवरचं जेवण.

आता ॲसिड. आपल्याकडे 'ॲसिड मारून देतो' म्हणणारे गावोगाव आहेत, आणि गिऱ्हाईकही तेच मागतं, कारण फेस येतो आणि पाच मिनिटांत पांढरं दिसतं. तो फेस शेवाळाचा नसतो, सिमेंटचा असतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंटमधला चुना खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि वरचा थर निघाला म्हणून पृष्ठभाग नवा दिसतो. पुढच्या पावसात त्या खरबरीत झालेल्या पृष्ठभागावर शेवाळ आणखी घट्ट बसतं. गच्चीच्या कोब्याचे सांधे उघडे पडले की गळती सुरू, आणि मग शिव्या तुम्हाला. जांभ्याच्या उघड्या चिऱ्यावर ॲसिड ओघळलं तर चिऱ्यातलं लोखंड विरघळून पिवळे-तांबडे डाग उतरतात. जस्ताच्या पत्र्याचं तर विचारूच नका.

ॲसिड गाडीत नको म्हणण्याचं दुसरं कारण यापेक्षा मोठं आहे. ब्लीचमधलं हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रला खंदकांवर सोडला होता तोच. कोणी मुद्दाम मिसळत नाही. पण कामाच्या गडबडीत पोऱ्या कालची ॲसिडची बादली न विसळता त्यात ब्लीच ओततो. दोन्ही गाडीत असतील तर हे कधीतरी होणारच. संडासाच्या ॲसिडची बाटलीसुद्धा त्याच मोरीवर ठेवू देऊ नका.

तर आपला मुख्य माल सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच ब्लीच. दुकानात नुसतं 'हायपो' म्हणतात. हिशोब सोपा आहे: १० टक्क्यांचा माल आणि २० लिटरची बादली धरली, तर २ टक्के करायला ४ लिटर हायपो आणि १६ लिटर पाणी, ३ टक्के करायला ६ लिटर आणि १४ लिटर. पाणी आधी, हायपो नंतर, म्हणजे अंगावर उडत नाही. मंगलोरी कौलाला २ ते ३ टक्के पुरतं, सिमेंटच्या गच्चीला २ टक्क्यांच्या आसपास, रंगवलेल्या कठड्याला आणि भिंतीला अर्धा ते एक टक्का. एका फवाऱ्यात गेलं नाही तर मिश्रण कडक करू नका, दुसरा फवारा मारा.

पण कॅनवर १० लिहिलंय म्हणून आत १० असतंच असं नाही. हायपो उन्हानं आणि उष्णतेनं मरतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की मरण्याचा वेग तीन-चार पट होतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला माल तुमच्या हातात येईपर्यंत ६ टक्क्यांवरही आलेला असू शकतो. म्हणून मी घरी एक ढोबळ चाचणी करतो. स्विमिंग पूलमधला क्लोरीन तपासायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात. आरओचं २० लिटर पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत घ्यायचं, औषधाच्या सिरिंजनं त्यात मोजून १ मिलिलिटर हायपो टाकायचं, ढवळायचं आणि पट्टी बुडवायची. माल १० टक्क्यांचा असेल तर पट्टी ५ पीपीएमच्या रंगावर येते. अडीचच्या आसपास आली तर माल निम्मा मेलाय, मग हिशोब त्याप्रमाणे बदला. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण 'काल चाललं, आज का चालत नाही' हा घोळ यानं संपतो. माल थोडा थोडा आणा, कॅनवर तारीख घाला, सावलीत ठेवा, बूच हवा जाणारं असू द्या. आणि लोखंडी किंवा तांब्याच्या भांड्यात कधीच ओतू नका. धातूचा अंश गेला की माल आतल्या आत फुटून ऑक्सिजन सोडतो आणि कॅन फुगतो.

पाण्याचंही बघावं लागतं. आपल्याकडे बऱ्याच बोअरवेलना लोखंडाचं पाणी आहे. वर काढल्यावर स्वच्छ दिसतं, पण त्यात हायपो पडलं की बादली चहासारखी होते. ते मिश्रण कौलावर मारलंत तर शेवाळ जाईल आणि तांबूस गंज बसेल. गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर आधी तांब्याभर पाण्यात थोडं हायपो टाकून बघायचं. तांब्या म्हणजे प्लास्टिकचा. रंग बदलला तर दुसऱ्या विहिरीचं पाणी.

नुसतं हायपो उतारावरून घसरून जातं, म्हणून त्यात थोडा साबण लागतो, जो ओलावा धरून ठेवतो. इथं एक सापळा आहे. फिनेल आणि धुण्याची पावडर घरी बनवणारे 'ॲसिड स्लरी' वापरतात आणि दुकानदार तीच तुमच्या हातात देईल, स्वस्त म्हणून. ती नावाप्रमाणेच ॲसिड आहे. हायपोत ओतलीत की तोच क्लोरीन. दुकानात अमाइन ऑक्साइड नावाचं साबणासारखं द्रव मागा, ते ब्लीचमध्ये टिकतं. नाही मिळालं तर एसएलईएस (शाम्पूत फेसासाठी घालतात ते) चालतं, फक्त ते मिसळलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. भांड्याचे सुवासिक लिक्विड नकोत. लिंबाच्या नावाखाली त्यात सायट्रिक ॲसिड असू शकतं, आणि काहींमध्ये अमोनियाची संयुगंही. अमोनियाशी हायपो मिळालं तर क्लोरामाइन तयार होतं, तेही छातीत जाणारं.

आता मंगलोरी कौल, कारण तुमचं निम्म्याहून जास्त काम तेच असणार. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेनं १८६०च्या दशकात मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनचं हे कौल. जुन्या घरांवर शिक्का असलेली कौलं अजून भेटतात आणि ती चांगली भाजलेली असतात. हल्लीची काही कच्ची भाजलेली असतात, नखानं ओरखडा काढला तर पूड येते. त्यामुळे पाख्यावर चढण्याआधी वळचणीचं एक कौल काढून उलटं करून बघा. खालून पांढरट क्षार फुटलेले असतील किंवा कड भुगा होत असेल तर त्या घरावर हायपो मारू नका, मऊ ब्रश आणि पाणीच वापरा. प्रेशर पंप तर कुठल्याच कौलावर नको. वरची भाजलेली साल उडते, आणि पाणी खोबणीतून उलटं चढून माळ्यावर पडतं.

काम करताना घरातल्या बायकांशी आधी बोलायचं, पुरुष यातलं काही सांगत नाहीत. स्वयंपाकघरावर छत आहे की थेट कौलं? माळ्यावर काय ठेवलंय? पाणी पन्हळीतून विहिरीकडे किंवा टाकीकडे नेलंय का? नेलं असेल तर जोड काढून पाणी बाहेर सोडायचं आणि नंतरचा एक चांगला पाऊस होईपर्यंत जोडायचं नाही. खाली ताडपत्री, भांडीकुंडी झाकलेली, गुरं आणि कोंबड्या लांब. वासे-रिपांवर हायपोचे थेंब राहिले तर लाकडाला लव सुटते, म्हणून खालूनही एकदा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. वळचणीखालची तुळस, जास्वंद, केळी आधी पाण्यानं चिंब भिजवा, मध्ये पुन्हा भिजवा आणि शेवटी धुवा. कोरडं पान हायपो पितं, भिजलेलं पान कमी पितं.

हंगाम म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पाऊस संपलेला, शेवाळ अजून जिवंत आणि कौल थोडं ओलसर. मे महिन्यात शाकारणीच्या वेळी लोक बोलावतात, तेव्हा सकाळी लवकर लागा. तापलेल्या कौलावर मिश्रण काम करायच्या आत सुकतं आणि मीठ तेवढं उरतं.

दगडफुलासारखे पांढरट-राखाडी चट्टे त्याच दिवशी जाणार नाहीत. ते कौलात रुतलेले असतात. खरवडलंत तर कौलाची साल घेऊन निघतात. मारून ठेवायचं, पावसानं सुटतात.

गच्चीचं फार सांगण्यासारखं नाही. वॉटरप्रूफिंगचं कोटिंग असेल तर ते कोणतं ते विचारा आणि कोपऱ्यात हातभर तुकड्यावर करून बघा. सोलर पॅनेलवर हायपो उडू देऊ नका, त्याला फक्त साधं पाणी आणि मऊ फडकं. रंगीत पत्र्याला सौम्य साबण पुरतो. हायपो जस्त आणि ॲल्युमिनियमचा लेप खातं, स्क्रूच्या भोवती तर लवकर. स्क्रूखालचे गंजाचे ओघळ ब्लीचनं जात नाहीत, त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. ते मारायचंच झालं तर सगळं हायपो धुऊन गेल्यावर, वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादलीतून. तेवढ्यापुरतंच ते घरून न्यायचं.

सिमेंटचे जुने राखाडी पत्रे मी धुवायला घेत नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ब्रश किंवा प्रेशर लावला की तंतू सुटतात. शिवाय जुना पत्रा पायाखाली काच फुटावी तसा फुटतो. तुम्हीही नाही म्हणा.

विहीर अगदी खेटून असेल किंवा घरमालकाला क्लोरीनचा वास नको असेल तेव्हा हायपोऐवजी काय, असा प्रश्न येतो. कोळंबी प्रकल्पांना माल पुरवणाऱ्यांकडे बीकेसी मिळतं, म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड, बहुधा ५० टक्क्यांचं. लिटरभर बीकेसी २० ते ४० लिटर पाण्यात, कोरड्या छपरावर, पुढचे एक-दोन दिवस पाऊस नसेल अशा वेळी. धुवायचं नाही. शेवाळ हळूहळू तपकिरी पडून आठवड्यांनी सुटतं. साध्या साबणात मिसळलं तर निकामी होतं, म्हणून दोन्ही एकत्र नकोत. हायपोबरोबरही नको. पण हे माशांना फार विषारी आहे. ओहोळ, तळं, खाडी जवळ असेल तर वापरू नका, आणि विहिरीत पाणी उतरत असेल तर तेही नाही. तिथं ब्रश, पाणी आणि घाम, दर जास्त लावायचा. काही जण सुपारीवरच्या कोळे रोगाला मारतात ते मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण छपरावर मारायचं सुचवतात. तांब्यानं शेवाळ येत नाही हे खरं, पण जस्ताच्या पन्हळी त्यानं सडतात आणि माशांना तेही विषच.

फवारायला शेतीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप चालतो, मात्र नवा घ्या. कीटकनाशक मारलेला घरचा पंप नको. पितळी नोझल काढून प्लास्टिकचं लावा आणि रोज संध्याकाळी साध्या पाण्यानं चालवून धुवा, नाहीतर वॉशर महिन्याभरात जातात. डोळ्याला बंद गॉगल, रबरी हातमोजे, आणि तोंडाला ॲसिड गॅसचं कार्ट्रिज असलेला मास्क. कापडी किंवा दवाखान्यातला मास्क वायूला काही करत नाही. केमिकलइतकीच भीती घसरण्याची आहे. साबण पडलेलं शेवाळ लोण्यासारखं होतं, त्यामुळे आढ्याला दोर बांधून कंबरेला हार्नेस, आणि शक्य तिथं शिडीवरूनच फवारा.

दर सांगताना लेखी द्या आणि त्यात तीन ओळी नक्की घाला: पांढरे चट्टे पावसानंतर जातील, आधीच फुटलेली कौलं मोजून वेगळी दाखवली आहेत, आणि पन्हळीचा विहिरीकडचा जोड अमुक तारखेपर्यंत बंद राहील. शेवटच्या ओळीखाली घरातल्या कोणाची तरी सही घ्या.